थडग्यातल्या दातांनी दिला प्लेगचा पत्ता

किर्गिझस्तानात, चू नदीच्या खोऱ्यात, इस्सिक-कुल सरोवरापासून फार लांब नाही अशा जागी कारा-जिगाच आणि बुराना ही दोन जुनी ख्रिस्ती कब्रस्तानं आहेत. १२४८ ते १३४५ या काळातले, नेमकं साल कोरलेले ४६७ दगड तिथे मिळाले. त्यांतले ११८ एकट्या १३३८-३९ या दोन वर्षांतले! काहींवर सिरियाक लिपीत मृत्यूचं कारणही कोरलंय: मरी.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथून उकरलेल्या कवट्या सेंट पीटर्सबर्गच्या संग्रहालयात जाऊन पडल्या होत्या. रक्तात जिवाणू असताना माणूस गेला, तर जिवाणूचे अंश दाताच्या पोकळीत शतकानुशतकं टिकू शकतात. म्हणून सात जणांचे दात तपासले गेले. तिघांत प्लेगचा जिवाणू सापडला, आणि तोही पुढे युरोपभर थैमान घालणाऱ्या वाणाचा पूर्वज. हे संशोधन २०२२ साली प्रसिद्ध झालं.

तिएन-शान पर्वतात बिळं करून राहणाऱ्या मार्मोट प्राण्यांत हा जिवाणू आजही नांदतो. प्राण्यातून माणसात तो पिसवेमार्फत येतो. जिवाणूंचा गोळा पिसवेच्या जठराचं तोंड बुजवतो. भुकेने कासावीस झालेली पिसू पुन्हापुन्हा चावते आणि दर चाव्यात जिवाणू ओकते. उंदरांवरच्या पिसवांचा हा हात पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली दाखवला तो कराचीत, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यात.

कारा-जिगाच आणि बुरानाच्या वस्त्या व्यापारावर जगणाऱ्या. थडग्यांत मोती, पोवळी, परमुलखातली नाणी निघाली. रोग नेमका कोणत्या वाटांनी पश्चिमेला सरकला, यावर वाद आहे. १३४६ मध्ये तो काळ्या समुद्राकाठी होता, हे नक्की. तिथल्या काफा बंदराला वेढा घालणाऱ्या मंगोलांनी प्रेतं गोफणयंत्राने तटाच्या आत फेकली, ही गोष्ट फार लोकप्रिय आहे. पण ती लिहिणारा गाब्रिएले दे मुस्सी इटलीतल्या पियाचेन्झाचा. वेढा त्याने पाहिलेला नव्हता. रोग पुढे पसरण्यामागे मला धान्याचं कारण अधिक पटतं. १३४७ साली मंगोलांशी तह झाला, धान्यव्यापारावरची बंदी उठली, गहू भरलेली गलबतं निघाली. धान्य तिथे उंदीर, उंदीर तिथे पिसवा.

त्याच वर्षी ऑक्टोबरात रोगाने गाठलं सिसिलीतलं मेस्सिना, १३४८ मध्ये व्हेनिस, पॅरिस, इंग्लंड, १३४९ मध्ये नॉर्वे, १३५३ मध्ये मॉस्को. युरोपातली किमान तिसरा हिस्सा माणसं गेली. १३७७ साली रागुझा बंदराने साथीच्या गावांहून येणाऱ्यांना तीस दिवस शहराबाहेर थांबवायचा कायदा केला. जिवाणू सापडायला अजून पाच शतकं होती.