गोंगाट नियंत्रण, यांत्रिक

इमारतींत व त्यांच्या आवारात बसविलेले पंप, पंखे, वातानुकूलन यंत्रे, विद्युत् जनित्रे इत्यादींचा नकोसा आवाज सुसह्य पातळीपर्यंत कमी करण्याच्या तंत्राला यांत्रिक गोंगाट नियंत्रण म्हणतात. मोठा आवाज दीर्घकाळ कानावर पडल्यास अंतर्कर्णातील केशकोशिका नष्ट होतात. त्या पुन्हा निर्माण होत नसल्याने येणारे बहिरेपण कायमचे असते.

यंत्राचा आवाज हवेतून व इमारतीच्या सांगाड्यातून अशा दोन मार्गांनी पसरतो. यांपैकी कोणता मार्ग प्रमुख आहे, हे प्रथम ठरवावे लागते. कारण एका मार्गावरील उपाय दुसऱ्यावर बहुधा निरुपयोगी ठरतो. गोंदिया परिसरातील भात सडण्याच्या गिरण्या हे याचे चांगले उदाहरण होय. तूस ओढून घेणाऱ्या पंख्याचा आवाज मुख्यतः हवेतून जातो, तर हलत्या चाळण्यांची कंपने जमिनीत व भिंतींत शिरतात.

उद्‌गमापाशी केलेले उपाय दोन्ही मार्गांवर लागू पडतात. फिरत्या भागांचे संतुलन साधणे, झिजलेले धारवे बदलणे, सैल पत्रे आवळणे, तसेच लहान वेगवान पंख्याऐवजी मोठा मंदगती पंखा वापरणे हे त्यांतील प्रमुख होत.

कंपने रोखण्यासाठी यंत्र स्प्रिंगांवर वा रबरी बैठकीवर बसवितात. मिनिटास १,५०० फेरे करणाऱ्या यंत्राच्या वजनाने स्प्रिंगा सुमारे ४ मिमी. दबत असल्यास कंपनबलाचा साधारणपणे नववा भागच जमिनीपर्यंत पोहोचतो. मात्र बैठकीची नैसर्गिक कंप्रता (दर सेकंदास होणारी कंपनसंख्या) यंत्राच्या कंप्रतेजवळ आल्यास अनुस्पंदन होऊन कंपने उलट वाढतात.

हवेतून जाणारा आवाज जड व बंदिस्त भिंतींनी अडतो. भिंत कितीही जाड असली, तरी तिच्या क्षेत्रफळाच्या १ टक्का जागा उघडी राहिल्यास आवाजातील घट सुमारे २० डेसिबेलपेक्षा अधिक होत नाही. म्हणून वायुवीजनाच्या मार्गांना ध्वनिशोषक अस्तर लावतात.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल, तर औद्योगिक क्षेत्रासाठी अनुक्रमे ७५ व ७० डेसिबेल ही मर्यादा आहे. कामगारांना कर्णरक्षके देऊन ही मर्यादा पाळली जात नाही. त्यांमुळे शेजारच्या वस्तीत पोहोचणारा आवाज कमी होत नाही. यास्तव यंत्राची जागा व पाया ठरवितानाच गोंगाटाचा विचार करणे श्रेयस्कर ठरते.