खडक आणि लाटा

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याचा नकाशा उघडला असतां यॉर्कशायर परगण्यांत एक मौज दिसते. फ्लॅम्बरोचें भूशिर समुद्रांत पुढें घुसलेलें आहे आणि त्याच्या दक्षिणेस होल्डरनेसचा किनारा आंत वळला आहे. समुद्र तोच, मग हा भेद कां?

उत्तर खडकांत आहे. फ्लॅम्बरोचे कडे पांढऱ्या खडूच्या खडकाचे आहेत. वर्गांत फळ्यावर झिजणारी कांडी आठवून आम्हीं तो मऊच समजूं. परंतु हा खडू बराच कठीण असतो. लाटा त्याच्या भेगांत शिरून गुहा व कमानी कोरतात. सबंध कडा मागें हटावयास मात्र फार काळ लागतो. होल्डरनेसची भूमि म्हणजे हिमयुगांत बर्फाच्या प्रवाहांनीं आणून टाकलेली चिकणमाती व गोटे. ती पावसानें भिजून घसरते, आणि लाटा ढिगारा वाहून नेतात. दरवर्षीं सरासरीनें १.५ ते २ मीटर किनारा नाहींसा होतो. रोमन काळापासून कित्येक गांवें अशीं बुडालीं. त्यांतील वाळू व गोटे दक्षिणेस वाहत जातात आणि स्पर्न येथें त्यांचा लांब दांडा बनतो.

मॅपलटन हें गांव वांचविण्यासाठीं १९९१ सालीं मोठाल्या दगडांचे दोन बांध समुद्रांत घालण्यांत आले. वाळू अडली, गांव वांचलें. पण पुढील किनाऱ्यास तीच वाळू मिळेनाशी झाली, आणि दक्षिणेकडील शेतांची धूप वाढली. तेथील शेतकऱ्यांनीं त्या बांधांस बोल लावला, तर आम्हांस त्यांना दोष देववत नाहीं.