चांदीची तलवार आणि गुणाकाराची गंमत : नेटहॅकमधली ‘ग्रेस्वान्दिर’

आज आपण एका तलवारीबद्दल बोलणार आहोत. ही तलवार कुठल्या संग्रहालयात नाही, ती आहे ‘नेटहॅक’ या संगणक-खेळात. 1987 साली आलेला हा खेळ आजही खेळला जातो. तळघरांमागून तळघरं उतरत जायचं, राक्षस मारायचे, येन्डॉरचं ताईत मिळवायचं आणि वर परत यायचं. मूळ रूपात पडद्यावर चित्रंही नाहीत, नुसती अक्षरं. आणि एक नियम फार कडक आहे : मेलात की संपलं. साठवलेला डाव पुन्हा उघडता येत नाही. म्हणून इथे कुठलं शस्त्र हातात घ्यायचं, हा प्रश्न हौसेचा राहत नाही. पंधरा-वीस तासांची मेहनत त्यावर अवलंबून असते.

तलवारीचं नाव ग्रेस्वान्दिर. हे नाव आलं रॉजर झेलाझनी यांच्या ॲम्बर कादंबऱ्यांतून. त्या मालिकेतली पहिली कादंबरी 1970 सालची, आणि तिच्या नायकाची, कॉर्विनची, ही तलवार. खेळात ती चांदीची वाकडी तलवार आहे, म्हणजे सेबर. साधी चांदीची सेबरसुद्धा दुर्मीळच. तिच्यातली ही खास, एकमेव.

आता तिची ताकद नेमकी काय, ते बघू. नेटहॅकचा प्रोग्राम सगळ्यांना वाचायला खुला आहे, त्यामुळे अंदाज बांधायची गरज नाही. सेबरचा घाव म्हणजे आठ बाजूंचा एक फासा, सरासरी साडेचार. ग्रेस्वान्दिर हा घाव दुप्पट करते, समोर कोणीही असो. म्हणजे सरासरी 9. शिवाय नेम लागण्यासाठी पाच बाजूंचा फासा वरून मिळतो.

इथे कोणीतरी विचारेलच, की मग एक्सकॅलिबरचं काय? तिचा मूळ घाव लहान प्राण्यांवर तेवढाच, आणि वर दहा बाजूंचा फासा मिळवायचा. सरासरी 10. मोठ्या प्राण्यांवर तर 12. मग एक्सकॅलिबरच बरी नाही का?

थांबा जरा. एक्सकॅलिबर बेरीज करते, ग्रेस्वान्दिर गुणाकार करते. खरा फरक इथे आहे. मंत्राचा कागद वाचून शस्त्र +1, +2 असं वाढवता येतं. एक्सकॅलिबर +5 केली तर घावात फक्त 5 वाढतात : 15, मोठ्या प्राण्यांवर 17. ग्रेस्वान्दिर +5 केली तर ते पाचही दुप्पट होतात : साडेचार अधिक पाच, गुणिले दोन, म्हणजे 19. लहान प्राण्यांविरुद्ध +1 लाच दोघी बरोबरीत येतात, मोठ्यांविरुद्ध +3 ला. त्यापुढे चांदीची तलवार पुढेच जात राहते. मात्र हाव नको. शस्त्र +5 च्या वर गेलं आणि तरी आणखी कागद वाचला, तर तिनात दोन वेळा शस्त्राची वाफ होऊन जाते. आम्ही हे करून बघितलंय. तुम्ही करू नका.

दुसरा गुण चांदीचा. राक्षसी योनीतले डेमन, व्हॅम्पायर, लांडगा-माणसं आणि इम्प यांना चांदी सोसत नाही. त्यांच्यावर वीस बाजूंचा फासा जास्तीचा पडतो. पुष्कळांचा समज असा, की तोही दुप्पट होतो. नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी हा भाग आधी निम्मा करून ठेवलाय, म्हणजे दुप्पट केल्यावर तो जवळपास मूळ आकड्यावरच येतो. तरीही +5 ची ग्रेस्वान्दिर डेमनवर सरासरी तीसच्या आसपास घाव करते. तळघरांचा सगळ्यात खालचा टप्पा, गेहेनम, डेमनांनी भरलेला असतो. तिथे हे सोनंच. पण झोंबी, ममी, लिच हे सगळे मेलेले असले तरी चांदीला घाबरत नाहीत. भुतंखेतं म्हणजे चांदी, असं सरसकट समीकरण इथे चालत नाही.

तिसरा गुण लहान वाटतो. तलवार हातात असेपर्यंत भ्रम होत नाही. भ्रमात प्रत्येक प्राणी भलताच दिसतो. समोर कुत्रं आहे की जीव घेणारा कोणी, हेच कळत नाही. अशा वेळी डोळ्यांवर विश्वास ठेवता येणं फार मोलाचं.

मिळवायची कशी? वेदीवर बळी देऊन. प्रेत ताजं हवं, वेदी आपल्या पंथाची हवी, पातळी किमान 3 हवी आणि नशीब खराब नको. मग दहात एक वेळा देव एखादं खास शस्त्र देतो. पहिली भेट मिळाली की पुढची अवघड होत जाते. ग्रेस्वान्दिर ‘लॉफुल’ म्हणजे नियमाने चालणाऱ्या पंथाची आहे, तेव्हा देवाकडून ती त्याच पंथाला मिळते. दुसऱ्या पंथाच्या माणसाने हातात घेतली तर ती कधीकधी चटका देते. भेट म्हणून मिळालेल्या शस्त्राचा आणखी एक फायदा : त्या प्रकारचं शस्त्र शिकायला तुम्हाला बंदी असेल, तर ती उठते. वर मागून घेतलेल्या तलवारीने ती उठत नाही.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. ही तलवार मारते, पण वाचवत नाही. जादूपासून ती संरक्षण देत नाही. मृत्यूच्या स्पर्शापुढे +7 ची ग्रेस्वान्दिर आणि स्वयंपाकघरातली सुरी सारखीच. तरंगत्या डोळ्यावर तलवारीने वार केलात, तर घाव बसेल, पण तुम्हीच जागच्या जागी लुळे पडाल, आणि मग शेजारचा कोणीही क्षुद्र प्राणी तुम्हाला कुरतडून संपवेल. कित्येक जोरदार डाव असेच गेलेत. म्हणून एकच वर मागायची संधी आली, तर बहुतेक जाणते खेळाडू तलवार मागत नाहीत. जादूला अडवणारं करड्या ड्रॅगनच्या खवल्यांचं चिलखत मागतात. तलवारीसाठी वेदी आहेच.

तेव्हा हिशेब असा मांडा : आधी जिवंत राहण्याची सोय, मग गुणाकार. शून्याला कितीनेही गुणलं तरी शून्यच राहतं, आणि या खेळात मेलेला खेळाडू म्हणजे शून्य. आज इथेच थांबूया. प्रश्न असतील तर जरूर विचारा.