एका प्रांताचे वर्ष : १५८३

सोळाव्या शतकातल्या गोव्यात येशूसंघाचे वर्ष जानेवारीत सुरू होत नसे. ते जहाजांबरोबर सुरू होई आणि जहाजांबरोबर संपे. लिस्बनहून मार्च-एप्रिलमध्ये सुटलेली गलबते केप ऑफ गुड होपला वळसा घालून सप्टेंबर-ऑक्टोबरात मांडवीच्या मुखाशी येत. त्यांतून नवी माणसे येत, पैसा येई आणि रोमची पत्रे येत. परतीची जहाजे डिसेंबर-जानेवारीत निघत. मधल्या दोन-तीन महिन्यांत गोव्यातल्या मठांमध्ये रात्रंदिवस लेखण्या चालत, कारण वर्षभराचा हिशेब त्या जहाजांवर चढायलाच हवा. चुकला तर आणखी एक वर्ष थांबा. प्रश्न विचारून उत्तर हातात पडेपर्यंत दीड-दोन वर्षे जात. तेवढ्या काळात विचारणारा पाद्री कधी दुसऱ्याच देशात गेलेला असे, कधी वारलेला असे.

ज्याला हे लोक ‘प्रांत’ म्हणत त्याचा आवाका आज ऐकून नवल वाटते. फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरला १५४२ मध्ये. सात वर्षांनी, १५४९ मध्ये, गोव्याला प्रांताचा दर्जा मिळाला. आफ्रिकेच्या टोकापासून जपानपर्यंतचा सगळा पसारा या एका प्रांतात येत होता. वसई, ठाणे, चौल त्यात होते, तसेच मलाक्का, मकाव आणि नागासाकीही. त्या काळी आपले कोल्हापूर-पन्हाळा आदिलशाहीत होते. म्हणजे घाटाखाली जे काही चालले होते त्याचा शेजार आपल्यालाही होता.

एवढ्या पसाऱ्याला एकत्र धरून ठेवले ते कागदाने. संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याने १५४२ मध्येच आपला सहकारी पिएर फाव्र याला पत्रलेखनाबद्दल खडसावले होते. त्याची पद्धत अशी : मुख्य पत्रात कोणालाही दाखवता येईल, वाचून चार जणांची श्रद्धा वाढेल असा मजकूर असावा, भांडणे, दुखणी, तक्रारी, पैशाची ओढाताण यांच्यासाठी वेगळे चिटोरे जोडावे. मुख्य पत्र आपण स्वतः दोनदा लिहून काढतो, असेही त्याने सांगितले. पुढे त्याचा सचिव हुआन दे पोलांको याने १५४७ मध्ये याचे रीतसर नियम बांधून दिले. त्यांतूनच प्रांताचे ‘वार्षिक पत्र’ ही चीज घडली. या पत्रांच्या एकापेक्षा अधिक प्रती वेगवेगळ्या जहाजांनी धाडत. एक बुडाले तर दुसरे पोचेल. युरोपातल्या मठांत ती जेवणाच्या वेळी मोठ्याने वाचली जात आणि कित्येक छापलीही जात.

मराठी-कोकणी मुलखाच्या सोळाव्या शतकातल्या खेड्यांविषयी तपशिलाने लिहिणारी साधने आपल्याकडे फार नाहीत. त्यामुळे या पत्रांना टाळून चालत नाही. योझेफ विकी या स्विस येशूसंघीयाने ती ‘दोकुमेंता इंदिका’ या नावाने १९४८ ते १९८८ या चाळीस वर्षांत अठरा खंडांत छापली आणि तरीही तो १५९७ पर्यंतच पोचला. पण वाचताना दोन पाने कायम शेजारी धरावी लागतात : दाखवायचे पान आणि न दाखवायचे पान. काही गोष्टी तर दोन्हींवर नसतात. हे कसे, ते पाहण्यासाठी १५८३ हे वर्ष घेतले आहे.

त्या वर्षीच्या मे महिन्यात रोदोल्फो अक्वाविव्हा गोव्याला परतला. इटलीतल्या आत्रीच्या ड्यूकचा हा मुलगा, वय बत्तीस, १५८० पासून फत्तेपूर सिक्रीला अकबराच्या दरबारात होता. अकबराने वादविवाद ऐकले, पाहुणचार केला, धर्म काही बदलला नाही. रोदोल्फोचा सख्खा काका क्लाउदिओ अक्वाविव्हा १५८१ पासून साऱ्या संघाचा प्रमुख होता, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते. परतल्यावर त्याला साष्टीचा प्रमुख नेमले.

साष्टी म्हणजे मुंबईशेजारची नव्हे. सहासष्ट गावांवरून नाव पडलेल्या दोन साष्टी होत्या आणि दोन्ही याच प्रांतात होत्या; जुन्या पत्रांवर काम करणाऱ्या भल्याभल्यांचा इथे गोंधळ होतो. गोव्यातली साष्टी बारदेशाबरोबर १५४३ मध्ये आदिलशहाकडून पोर्तुगीजांकडे आली. बारदेश फ्रान्सिस्कनांच्या वाट्याला गेले, साष्टी येशूसंघाच्या. १५६७ मध्ये रायतूरच्या कप्तानाने साष्टीतली देवळे पाडली. बरेच देव नदी ओलांडून आदिलशाही हद्दीत गेले. दक्षिणेकडची पाच गावे मात्र वाकत नव्हती : कुंकळ्ळी, वेरोडे, असोळणा, वेळ्ळी आणि आंबेली. ती सारा देत नव्हती आणि पाडलेली देवळे पुन्हा उभारत होती. त्यांच्यावर लष्करी मोहिमा झाल्या आणि त्यांत येशूसंघाचे पाद्रीही सामील होते. आफोन्सो पाशेको आणि पिएत्रो बेर्नो यांनी देवळांच्या विध्वंसात घेतलेला भाग संघाच्या लेखकांनीच अभिमानाने नोंदवला आहे. ते लपवण्यासारखे आहे असे त्यांना वाटलेच नाही, म्हणून ते दाखवायच्या पानावर आहे.

जुलैच्या मध्याला, ऐन पावसाळ्यात, अक्वाविव्हा, पाशेको, बेर्नो, आंतोनियो फ्रांसिस्को हे चार पाद्री आणि देवळे बांधण्याचे काम जाणणारा ब्रदर फ्रांसिस्को आरान्या ओर्लीहून कुंकळ्ळीला निघाले. क्रूस उभारायचा आणि चर्चसाठी जागा निवडायची, हा हेतू. गावकऱ्यांना पाडलेल्या देवळाच्या मुलखात जागा शोधत हिंडणारी तीच माणसे दिसली. जमाव हत्यारे घेऊन आला. सोबतच्या गोन्सालो रॉद्रिगिश या पोर्तुगिजाने बंदूक उचलली तेव्हा पाशेकोने त्याला थांबवले, असे वृत्तान्त सांगतात. पाचही जण मारले गेले. प्रेते विहिरीत टाकली गेली. दोन-अडीच दिवसांनी ती बाहेर काढून रायतूरच्या चर्चमध्ये पुरली. जुन्या कॅलेंडराने तो दिवस १५ जुलै, पोप ग्रेगरीच्या नव्या कॅलेंडराने २५ जुलै. वार सोमवार, यावर मात्र दोन्ही कॅलेंडरांचे एकमत आहे.

प्रांताच्या त्या वर्षाच्या वृत्तान्तात ही घटना सूर्यासारखी मधोमध आहे. संघप्रमुखाचा पुतण्या, ड्यूकचा मुलगा, अकबराच्या दरबारातून आलेला, आणि धर्मासाठी मेलेला. पत्रे ज्यांच्यासाठी लिहिली जात त्या युरोपातल्या तरुण वाचकांना याहून मोठे काही सांगता आले नसते. पुढे १७४१ मध्ये पोप चौदाव्या बेनेडिक्टने या पाच जणांचे हौतात्म्य मान्य केले आणि १८९३ मध्ये तेराव्या लिओने त्यांना ‘धन्य’ घोषित केले.

पण त्या दिवशी मेलेल्यांची संख्या पाच नव्हती. गोन्सालो रॉद्रिगिश आणि चौदा स्थानिक ख्रिस्ती, त्यांत पाद्र्यांच्या सेवेतली कोवळी पोरेही, अशी आणखी पंधरा माणसे त्यांच्याबरोबर मारली गेली. ती त्याच कारणासाठी, त्याच जमावाकडून आणि त्याच तासाला मेली. तरी धन्य पाचच ठरले. प्रांताने रोमला पुरावे पाठवले ते आपल्या माणसांचे.

आणि दुसऱ्या बाजूचे? परंपरा सांगते की गुन्हा माफ करून बोलणी करू, असे सांगून पोर्तुगीजांनी सोळा गांवकरांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि तिथे त्यांना ठार केले. एक जण नदीत उडी मारून निसटला आणि कारवारकडे गेला, असे म्हणतात. चौकशी नाही, खटला नाही. गावांच्या जमिनी जप्त झाल्या. असोळणा, वेळ्ळी, आंबेली ही गावे आधी एका पोर्तुगीज सरदाराला देण्यात आली आणि काही वर्षांत येशूसंघाच्याच ताब्यात आली. माझ्या मते १५८३ च्या कुंकळ्ळीचा अर्थ लावताना श्रद्धेइतकाच हा जमिनीचा धागा धरला पाहिजे. एकीकडे ‘धर्मद्वेष’ आणि दुसरीकडे ‘स्वातंत्र्याचा पहिला लढा’ असे दोन शिक्के मारून मोकळे होण्यापेक्षा, सारा कोण घेणार, देवळाची जमीन कोणाची आणि गांवकारीत शब्द कोणाचा चालणार, हे प्रश्न विचारले तर गावकरी काय वाचवत होते ते कळते. गांवकारीत देव, जमीन आणि मान या तीन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच. देऊळ पाडले की तिन्हींना हात लागे.

आज कुंकळ्ळीत हुतात्म्यांचे कपेल आहे आणि २००३ मध्ये उभारलेले गांवकरांचे स्मारकही आहे. शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण फातर्प्याला गेली ती तिथेच राहिली. पण दर फाल्गुनात तिची पालखी बारा वांगडांच्या बारा छत्र्यांसह गुलाल उधळत आपल्या जुन्या गावी येते. त्या उत्सवात ख्रिस्ती गांवकरांचाही सहभाग असतो.

बाकीचे वर्षही रिकामे नव्हते. १५७८ च्या ज्या ताफ्यातून रोदोल्फो आला होता त्याच ताफ्यातून मात्तेओ रिच्ची आणि मिकेले रुज्जिएरी आले होते. सप्टेंबर १५८३ मध्ये हे दोघे चीनमध्ये झाओचिंगला कायम वस्तीची परवानगी मिळवून राहिले. त्यांनी देवळांना हात लावला नाही. तशी सत्ताच पाठीशी नव्हती. त्याच वर्षी कोचीनमध्ये निरीक्षक आलेस्सांद्रो वालिन्यानो जपानविषयीचा आपला मोठा अहवाल लिहीत होता. त्यावर २८ ऑक्टोबरची तारीख आहे. युरोपला निघालेले चार जपानी तरुण त्याच्या सोबत होते. नोव्हेंबरात तो गोव्याला आला तर हातात हुकूम पडला : आता तुम्हीच प्रांताधिकारी, इथेच थांबा. पोरे त्याच्याविना पुढे गेली. नोव्हेंबर संपता संपता होर्मुझहून पकडून आणलेले चार इंग्रज व्यापारी गोव्याच्या तुरुंगात येऊन पडले. राल्फ फिच त्यांतलाच. त्यांच्यातला जेम्स स्टोरी चित्रकार निघाला, तेव्हा संघाने त्याला आपल्याकडे ठेवून चर्चसाठी चित्रे काढून घेतली. कुंकळ्ळीच्या वर्षी प्रांताला एक रंगारी मिळाला, तोही प्रोटेस्टंट देशातून आलेला.

या इंग्रजांच्या जामिनासाठी धडपडला तो त्यांचा देशबंधू, फादर थॉमस स्टीफन्स. मराठी वाचकाला हे नाव सांगावे लागत नाही. तो गोव्याला उतरला २४ ऑक्टोबर १५७९ रोजी. बरोबर चार वर्षांनी, २४ ऑक्टोबर १५८३ ला, त्याने पॅरिसमधल्या आपल्या भावाला, रिचर्डला, लॅटिनमध्ये एक पत्र लिहिले. त्यात कुंकळ्ळीची हकिकत आहे. विहिरीतून प्रेते मिळवण्याच्या कामात तो स्वतः होता, असे त्याचे चरित्रकार सांगतात. आणि त्याच पत्रात, अगदी वेगळ्या सुरात, तो म्हणतो की या देशात भाषा पुष्कळ आहेत, त्यांचा उच्चार कानाला गोड लागतो आणि त्यांची रचना लॅटिन आणि ग्रीकसारखी आहे. विल्यम जोन्सने कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे नाते सांगितले ते १७८६ मध्ये. त्याच्या दोन शतके आधी हे निरीक्षण एका घरगुती पत्रात, खुनाच्या बातमीच्या शेजारी, पडून होते.

हे वाक्य वार्षिक पत्रात आले नसते. त्याने कोणाची श्रद्धा वाढत नव्हती. ते भावाला सांगावेसे वाटले म्हणून उरले. मला या साऱ्या वर्षात हेच पान सर्वांत मोलाचे वाटते, आणि सर्वांत अवघडही. ज्या सत्तेच्या सावलीत देवळे पडली, गांवकर मारले गेले, त्याच सावलीत बसून एक माणूस त्या गांवकरांचीच भाषा कानाने तोलत होता. स्टीफन्सला यातला विरोध जाणवला की नाही, ते पत्रातून दिसत नाही. मात्र साष्टीत त्याने पुढची तीन दशके आणि वर काही वर्षे काढली, आणि त्याच्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभी नवख्रिस्ती ब्राह्मण जो प्रश्न विचारतो तो त्या विध्वंसातूनच आलेला आहे : आमची पुराणे आमच्यापासून काढून घेतलीत, मग त्यांच्या जागी आम्ही वाचायचे काय?

५ डिसेंबर १६०८ रोजी स्टीफन्सने रोमला आणखी एक पत्र लिहिले. संघप्रमुख अजून तोच होता, कुंकळ्ळीला मारल्या गेलेल्या रोदोल्फोचा काका. या भाषेतली पुस्तके तिच्याच लिपीत छापावी अशी आपली फार वर्षांची इच्छा आहे, मलबारात तसे झाले आहे, असे त्याने कळवले. अडचण अशी की युरोपातल्या चोवीस अक्षरांऐवजी इथे सहाशेच्या घरात साचे लागतील. ते बरेच कमी करता येतील, असाही उपाय त्याने सुचवला. देवनागरी खिळे काही झाले नाहीत. १६१६ मध्ये रायतूरला ‘ख्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापले गेले, पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा. त्या तिन्ही मुद्रणांची एकही प्रत आज हाती नाही. हस्तलिखितांवरून जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरला ते काढले, तेही रोमनमध्येच. सबंध ग्रंथ देवनागरीत छापून यायला १९५६ उजाडले. ते काम पुण्यात शांताराम बंडेलू यांनी केले.