नावे पाठ करून औषधांचा पेपर सुटत नाही

कोरोनाच्या साथीत, म्हणजे २०२० आणि २०२१ साली, व्हेंटिलेटर, ऑक्सिजन, सॅच्युरेशन हे शब्द आपल्या वस्त्यांतून घरोघरी पोहोचले. ते यंत्र लावणारा, रुग्णाच्या श्वासाकडे डोळ्यांत तेल घालून पाहणारा माणूस मात्र फारसा कुणाच्या लक्षात राहिला नाही. त्याला रेस्पिरेटरी थेरपिस्ट म्हणतात. अमेरिकेत हा जुना व मानाचा व्यवसाय आहे. आपल्याकडेही त्याची बी.एस्सी. पदवी मिळते. विहाराच्या सभागृहात आम्ही संध्याकाळी जी अभ्यासिका चालवतो, तिथे या अभ्यासक्रमाची एक विद्यार्थिनी येते. वडील रिक्षा चालवतात, आई चार घरची कामे करते. तिची पुस्तके अमेरिकन, सरावाचे प्रश्नसंच अमेरिकेतील परवाना-परीक्षेचे. औषधांचा भाग आला की ती रडकुंडीला येई. तिच्याबरोबर बसून जे उमगले, ते इतर मुलामुलींच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेख.

ही परीक्षा घेणारे राष्ट्रीय मंडळ अमेरिकेत १९६० साली, वेगळ्या नावाने, स्थापन झाले. २०१५ साली परीक्षेचे जे स्वरूप ठरले त्यात तीन तासांत १६० प्रश्न सोडवायचे असतात. त्यांपैकी १४० प्रश्नांचे गुण धरतात, २० प्रश्न नुसते चाचपणीसाठी. उत्तीर्ण होण्याच्या रेषा दोन. खालची ओलांडली तर पहिली पदवी, वरची ओलांडली तर पुढच्या परीक्षेला बसण्याचा हक्क. पालकांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. भारतातील पदवी दाखवून या परीक्षेला सहसा थेट बसता येत नाही; तेथील मान्यता मंडळाने मान्य केलेला अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. ‘अमेरिकेची परीक्षा देववतो’ म्हणून पैसे मागणारे एजंट भेटतात, त्यांना आधी हे विचारावे. पण इथल्या कॉलेजच्या परीक्षेसाठी, इस्पितळातील मुलाखतीसाठी हा अभ्यास तितकाच कामाचा आहे.

औषधशास्त्राचा वेगळा विभाग या परीक्षेत नसतो. औषध कुठल्याही प्रश्नात डोकावते. ‘रुग्णाला अमुक होते आहे, आता काय सुचवाल?’ असा प्रश्न असतो. म्हणून नुसत्या घोकंपट्टीचा इथे पराभव होतो.

पहिली अडचण नावांची. आपल्याकडे डॉक्टर साल्ब्युटामॉल लिहितात, अमेरिकन पुस्तकात तेच औषध आल्ब्युटेरॉल म्हणून येते. आपले ॲड्रेनॅलिन तिकडे एपिनेफ्रिन होते. आमच्या विद्यार्थिनीने दोन्ही नावे वेगळी औषधे समजून दोन पाने लिहून काढली होती! वहीच्या मागच्या पानावर अशा जोड्या आधी लिहून काढाव्यात.

दुसरे, औषधांचीही घराणी असतात आणि आडनावावरून घराणे कळते. ‘टेरॉल’ने संपणारी औषधे श्वासनळीचे स्नायू सैल करतात. ‘ट्रोपियम’वालीही नळी मोकळी करतात, पण वेगळ्या मार्गाने, इप्राट्रोपियम आणि टायोट्रोपियम ही त्यांतली. ब्युडेसोनाइड, फ्लुटिकासोन ही स्टिरॉइडे. ती नळीची सूज उतरवतात, झटका थांबवत नाहीत. घराणे कळले की काम कळते, दुष्परिणामही कळतो. टेरॉलने हात थरथरतात, छाती धडधडते. स्टिरॉइडचा पंप घेऊन चूळ भरली नाही तर तोंडात बुरशी धरते.

तरी आडनावावर पूर्ण विसंबू नये. दम्याचा झटका आलेल्या रुग्णाला साल्मेटेरॉल द्यावे का, हा नेहमीचा फसवा प्रश्न. औषध घराण्यातलेच, पण सावकाश चढणारे; झटक्यात त्याचा उपयोग नाही. फॉर्मोटेरॉल तितकेच लांब टिकते, पण काही मिनिटांत गुण देते. ज्यांच्या घरी दम्याचा रुग्ण आहे त्यांनीही हे ध्यानात घ्यावे. ‘पंपाची सवय लागते’ म्हणून सूज उतरवणारा पंप बंद ठेवायचा आणि धाप लागली की दुसऱ्या पंपाचे चार दाब मारायचे, हा प्रकार आम्ही वस्तीत कितीतरी घरी पाहिला आहे. आपला पंप कुठला आणि कशासाठी, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे.

आता हिशेब. आम्ही कारकुनी करणारे बी.कॉम., औषधातले आम्हांस काय कळणार? पण टक्केवारी आमच्या रोजच्या हाताखालची. ‘काका, इथेच माझे मार्क जातात,’ असे तिने म्हटले तेव्हा आम्ही कागद पुढे ओढला. ०.५ टक्के द्रावण म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये अर्धा ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅम. तर १ मिलिलिटरमध्ये ५ मिलिग्रॅम. सोपी खूण अशी की टक्क्याला दहाने गुणले की एका मिलिलिटरमधले मिलिग्रॅम मिळतात. २.५ मिलिग्रॅम द्यायचे तर अर्धा मिलिलिटर घ्यायचा. दशांश चिन्ह एक घर सरकले आणि ५ मिलिलिटर घेतले, तर रुग्णाला २५ मिलिग्रॅम जातील, दहापट. आमच्या खातेवहीत असे झाले तर साहेब रागावतो, इथे रुग्णाच्या जिवाशी गाठ आहे.

मग तिने तयार कुप्या ताडून पाहिल्या. अमेरिकेत ३ मिलिलिटरच्या कुपीवर ०.०८३ टक्के लिहितात. दहाने गुणून ०.८३, त्याला तीनने गुणले की जवळजवळ २.५ मिलिग्रॅम. आपल्याकडे २.५ मिलिलिटरमध्ये २.५ मिलिग्रॅम मिळते, म्हणजे ०.१ टक्का. टक्के वेगळे, औषध तेवढेच! इप्राट्रोपियम ५०० मायक्रोग्रॅम म्हणजे अर्धा मिलिग्रॅम, हेही इथेच पक्के करावे. १:१००० म्हणजे मिलिलिटरला १ मिलिग्रॅम, आणि १:१०००० म्हणजे त्याचा दहावा भाग. या गुणोत्तरांनी घोटाळे होत म्हणून २०१६ पासून अमेरिकेत एपिनेफ्रिनच्या लेबलांवरून ती काढली गेली. रोज दहा गणिते, कॅल्क्युलेटरला हात न लावता. महिनाभरात तिची भीती गेली.

एका प्रश्नावर आम्ही दोघे बराच वेळ थांबलो. व्हेंटिलेटरवरील रुग्णाचे स्नायू शिथिल करायला व्हेक्युरोनियमसारखे औषध देतात. रुग्ण निपचित पडतो, बोट हलत नाही. पण या औषधाने झोप येत नाही आणि दुखणेही थांबत नाही. झोपेचे व वेदनेचे औषध वेगळे द्यावे लागते. ते दिले नाही तर त्या माणसाला सगळे कळते, सोसावे लागते आणि सांगता येत नाही. नाडी व रक्तदाब वाढलेला पाहून ते ओळखायचे असते. परीक्षेत हा एका गुणाचा प्रश्न आहे.

पदपथावरून जुनी पुस्तके घेणाऱ्यांनी छपाईचे साल पाहावे. थिओफिलिनची रक्तातील पातळी जुन्या पुस्तकात १० ते २० मायक्रोग्रॅम दिसेल, नंतरच्यांत ५ ते १५. साल्मेटेरॉलसारखी औषधे दम्यात स्टिरॉइडशिवाय एकटी देऊ नयेत, हा इशारा अमेरिकेत २००३ नंतर ठळक झाला. दम्यावरील जागतिक मार्गदर्शिकेने २०१९ साली नुसत्या साल्ब्युटामॉलवर भागवण्याची शिफारस सोडून दिली. आमच्या विद्यार्थिनीकडचे पुस्तक १९९८ चे आहे. शरीररचना, घराणी, गणिते तिने त्यातूनच केली. उपचाराची पाने कॉलेजच्या ग्रंथालयातील नव्या प्रतीवरून हाताने उतरवून जुन्या पानांवर चिकटवली. पुस्तक आता दुप्पट जाड झाले आहे.