घोड्याचे ऋण, उंदराचे मोल

पावसाळ्यात गोंदिया जिल्ह्यात धानाची रोवणी सुरू झाली, की बांधीत सर्पदंशाचे भयही वाढते. विषारी दंशावर खात्रीचे औषध एकच : प्रतिसर्पविष. ते कसे तयार होते, ठाऊक आहे?

नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांचे विष प्रथम अत्यल्प आणि मग वाढत्या मात्रेत घोड्याला टोचतात. त्याच्या रक्तात विष निकामी करणारी प्रतिद्रव्ये तयार होतात. ठराविक काळाने रक्त काढून ती वेगळी करतात.

पण औषधाची ताकद कशी मोजायची? १ मिलिलिटर औषधाने नागाचे ०.६ मिलिग्रॅम विष निष्प्रभ झाले पाहिजे, असे प्रमाण आहे. विष व औषध यांचे मिश्रण उंदरांना टोचून किती जगले ते पाहतात. काही उंदीर तडफडून मरतात. चाचणी टाळून दुबळे औषध दवाखान्यात पोचले, तर मात्र माणूस दगावेल.

मग योग्य काय? रसेल व बर्च या शास्त्रज्ञांनी १९५९ साली तीन कसोट्या मांडल्या : पर्याय असल्यास प्राणी वापरू नये, वापरल्यास कमीत कमी वापरावेत, वेदना शक्य तितक्या टाळाव्यात. भारताने २०१४ साली सौंदर्यप्रसाधनांच्या प्राणिचाचण्यांवर बंदी घातली, ती योग्यच. ओठांची लाली आणि शेतकऱ्याचा जीव एका पारड्यात कसे घालणार?

मात्र गरज खरी असली म्हणून उंदराची वेदना खोटी ठरत नाही. परीक्षानळीतच ही ताकद मोजण्याचे प्रयत्न चालू आहेत. ते पूर्णत्वास नेणे, हेच त्या मुक्या जिवांचे ऋण फेडणे होय.