ध्रुवीय बर्फातील तापमानाचा इतिहास : बदलांची नैसर्गिक कारणे

“हवामान पूर्वीही बदलत होते, मग आज बदलले तर त्यात नवल ते काय?” असे उद्गार अलीकडे वारंवार कानी पडतात. आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील बहुतांश शेती पावसावर अवलंबून असल्याने हा प्रश्न केवळ विद्वानांच्या चर्चेपुरता उरत नाही. या विधानाचा पूर्वार्ध सत्य आहे. उत्तरार्ध मात्र तपासून घ्यावा लागतो. त्यासाठी पूर्वीचे बदल कशामुळे घडले, हे प्रस्तुत लेखात थोडक्यात मांडण्याचा आम्ही प्रयत्न करीत आहोत.

या इतिहासाची विश्वसनीय नोंद ध्रुवीय बर्फात आहे. अंटार्क्टिका व ग्रीनलंड येथे दरवर्षी पडणारे हिम न वितळता थरावर थर साचत जाते. त्यात खोल छिद्र पाडून बर्फाचा जो दंडगोल बाहेर काढतात, त्यास हिमगाभा म्हणतात. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डॉ. सय्यद झहूर कासीम यांच्या नेतृत्वाखाली 6 डिसेंबर 1981 रोजी गोव्याहूनच निघाली आणि जानेवारी 1982 मध्ये तेथे पोहोचली. ज्या 1998 साली आपला जिल्हा अस्तित्वात आला, त्याच वर्षी ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्था गोव्यातील वास्को येथे स्थापन झाली. तेथील शीतगृहात हे हिमगाभे उणे 20 अंश सेल्सिअस तापमानात जतन केले जातात.

बर्फावरून जुने तापमान कसे कळते? खळ्यावर उफणणी करताना जड दाणे जवळ पडतात आणि हलका भुसा दूर जातो. बाष्पाचेही काहीसे असेच आहे. जड प्राणवायू असलेले पाणी वाटेतच अधिक प्रमाणात पडून जाते आणि ध्रुवाकडे हलके पाणी अधिक पोहोचते. थंडी जितकी तीव्र, तितका हिमातील जड अंश कमी. शिवाय बर्फात कोंडलेल्या बुडबुड्यांत त्या काळची हवा जशीच्या तशी सापडते. अंटार्क्टिकातील ‘डोम सी’ येथील गाभ्याने अशा रीतीने 8 लाख वर्षांचा इतिहास उलगडला आहे.

दीर्घकालीन बदलांचे आद्य कारण पृथ्वीच्या गतीत आहे. आपल्याकडे मेअखेरीस आणि जुलैच्या मध्यास सूर्य मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो व सावली पायाखाली नाहीशी होते. पृथ्वीचा अक्ष कललेला असल्याचा हा परिणाम होय. हा कल आज सुमारे 23.4 अंश असला, तरी सुमारे 41 हजार वर्षांच्या चक्रात तो 22.1 ते 24.5 अंशांदरम्यान बदलतो. कक्षेचा आकार सुमारे 1 लाख वर्षांत कमी-अधिक लंबगोल होतो आणि अक्षाची दिशा सुमारे 19 ते 23 हजार वर्षांच्या आवर्तनाने ऋतूंवर परिणाम करते. सर्बियाचे शास्त्रज्ञ मिलुतिन मिलान्कोविच यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात याचे गणित मांडले. वर्षभरात मिळणारी एकूण उष्णता यामुळे फारशी बदलत नाही. परंतु कोणत्या ऋतूत, कोणत्या प्रदेशास किती उष्णता मिळेल, हे बदलते. उत्तरेकडील उन्हाळे सौम्य झाले की हिवाळ्यातील हिम शिल्लक राहते, साचत जाते आणि हिमयुगाचा आरंभ होतो.

हा आरंभीचा धक्का लहान असतो. पुढील घटना त्यास वाढवितात. पांढरे बर्फ सूर्यप्रकाश परतवते, त्यामुळे थंडी वाढून बर्फ आणखी पसरते. थंड समुद्र कार्बन डायऑक्साइड अधिक सामावून घेतो. तापला की तो वायू हवेत सोडतो. या वायूचे हवेतील प्रमाण हिमयुगांत दहा लाख भागांत सुमारे 180 ते 190, तर उष्ण कालखंडांत सुमारे 280 भाग होते.

यांखेरीज काही कारणे तुलनेने अल्पकाळ कार्य करतात. गेल्या हिमयुगात अटलांटिक महासागरातील प्रवाह बदलल्याने ग्रीनलंडचे तापमान काही दशकांतच 8 ते 16 अंशांनी वाढल्याचे प्रसंग अनेकदा घडले. त्या वेळी अंटार्क्टिकात मात्र बदल संथ आणि बहुधा उलट दिशेने झाला. 1815 साली इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला. त्याच्या गंधकयुक्त कणांची खूण दोन्ही ध्रुवांच्या बर्फात आढळते. पण अशा उद्रेकाचा गारवा मुख्यतः दोन-तीन वर्षे टिकतो. सूर्याच्या तेजात 11 वर्षांच्या चक्रात होणारा फरक तर एक दशांश टक्क्याच्या आसपासच असतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. गेले हिमयुग सरताना हवेतील कार्बन डायऑक्साइड सुमारे 80 भागांनी वाढण्यास कित्येक हजार वर्षे लागली. याउलट 1958 साली सुमारे 315 असलेले हे प्रमाण आज 420 भागांहून अधिक आहे. एका माणसाच्या आयुष्यात झालेली ही वाढ मुख्यतः कोळसा व खनिज तेलाच्या ज्वलनाची आहे. पृथ्वीची कक्षा इतक्या अवधीत जाणवण्याइतकी बदलत नाही आणि सूर्याचे तेजही गेल्या काही दशकांत वाढलेले नाही. म्हणजे पूर्वीचे बदल नैसर्गिक होते, यावरून आजचाही तसाच आहे असे ठरत नाही. उलट, हवेतील हा वायू तापमानावर किती प्रभाव टाकतो, याची साक्ष तोच जुना इतिहास देतो.

हवामानाची सरासरी ठरविण्यास साधारणतः 30 वर्षांच्या नोंदी घेतात. आपल्या माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी आपापल्या गावी पाऊस आणि तापमानाची रोजची नोंद आजपासून ठेवली, तर आज वसतिगृहात असलेल्या मुलांना प्रौढपणी आपल्या भूमीविषयी ऐकीव मतांऐवजी पुराव्यानिशी बोलता येईल.